आठ महिने स्क्राइबसवर: लेटरहेड, कार्ड आणि पाकीट

व्यवसायाचं लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड आणि पाकीट मी गेले आठ महिने स्क्राइबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्येच करते आहे. त्याआधी ब्राउझरमध्ये चालणारं, तयार टेम्प्लेटांचं एक सॉफ्टवेअर वापरत होते. अर्ध्या तासात कार्ड तयार व्हायचं, पडद्यावर देखणंही दिसायचं. छापून आलं तेव्हा मात्र पत्त्याच्या बारीक अक्षरांना लालसर-निळसर कड होती.

त्याचं कारण कळेपर्यंत दोन छपाया वाया गेल्या. फाइलमधला काळा रंग आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीचा होता. छपाईसाठी रूपांतर होताना तो छपाईच्या चारही शायांत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी; यालाच सीएमवायके म्हणतात) वाटला गेला. मोठ्या ठोकळ्यात हे खपून जातं, पण ७ पॉइंटच्या अक्षरात चारपैकी एक शाई केसभर सरकली तरी कडा फाटतात. बारीक मजकुराचा काळा निव्वळ काळ्या शाईचाच हवा. स्क्राइबसच्या रंगांच्या यादीतला 'ब्लॅक' मुळातच तसा असतो. माझ्यासाठी निवड तिथेच झाली.

नवी फाइल उघडतानाच ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर रंग वाढवून ठेवायची जागा, देता येतं. मी चारही बाजूंनी ३ मिमी ठेवते. पीडीएफ काढण्याआधी प्रीफ्लाइट तपासणी होते. चौकटीत न मावलेला मजकूर, कमी रेझोल्यूशनची चित्रं तिथे पकडली जातात. एकदा पाकिटावरची पत्त्याची शेवटची ओळ अशीच गळण्यापासून वाचली.

देवनागरीसाठी १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या, हे कळकळीने सांगते. जुन्या १.४ मध्ये जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. आणि फॉन्ट पक्का करण्याआधी 'दुसऱ्या', 'शुद्ध', 'ट्रस्ट' हे शब्द टाइप करून बघा. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना, तेही पाहा. आपलंच नाव आपल्याच कार्डावर परक्या वळणात छापलेलं मला अजिबात बघवत नाही.

लोगो मी इंकस्केपमध्ये काढते. वेक्टर, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या, रेखाटनासाठी ते फार हाताला बसतं, पण त्याचं काम मुळात आरजीबी रंगांत चालतं. म्हणून लोगोची एसव्हीजी (वेक्टर चित्राची फाइल) स्क्राइबसमध्ये आणल्यावर रंगांच्या यादीत जाऊन लोगोचा रंग सीएमवायकेत बदलून घ्यायचा. यादीत एकदा बदलला की त्या फाइलमध्ये जिथे जिथे वापरलाय तिथे बदलतो.

मापांचा हिशेब एकत्रच करावा. ए४ कागद तीन समान भागांत दुमडला की २१०×९९ मिमीचा होतो आणि २२०×११० मिमीच्या, डीएल म्हणतात त्या लांबट पाकिटात आरामात बसतो. माझ्या पहिल्या लेटरहेडवर घडी नेमकी फोन नंबरावरून जात होती.

शिकायला जड आहे, हे खरं. पहिले दोन आठवडे प्रत्येक गोष्टीची चौकट आखायची सवयच होत नव्हती. रोजची पत्रं यात लिहू नका. त्यासाठी मी लिब्रेऑफिसमध्ये टेम्प्लेट करून हेडरमध्ये लोगोची एसव्हीजी टाकली आहे. ईमेलने जाणारी पत्रं तिथूनच निघतात.

कार्डं एकदाच छापून घ्यायची असतील, तर एवढा खटाटोप नको, टेम्प्लेटवालं सॉफ्टवेअर पुरेल. फक्त ते सीएमवायके पीडीएफ देतं का आणि ब्लीड धरतं का, हे पैसे भरण्याआधी बघून घ्या.