मिनी डीव्ही हँडीकॅमवर फिल्म: काही महिने वापरल्यानंतर

नाशिकच्या तांबट आळीवर आम्ही एक प्रायोगिक लघुपट करतोय, संवाद नसलेला. त्यासाठी मुद्दाम मिनी डीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल टेपवर चित्रण करणारा, जुना हँडीकॅम घेतला, साध्या मोबाईलहूनही स्वस्तात. उन्हाळ्यापासून सगळं शूटिंग त्याच्यावरच चाललंय.

चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, त्याही इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांतून जुळवलेल्या. लांबच्या दृश्याला हा कॅमेरा कामाचा नाही. पांडवलेणीचा डोंगर घेतला तर झाडं आणि कातळ एकमेकांत मिसळून जातात. जवळून मात्र कमाल करतो. घागर ठोकताना फिरते, तिच्यावरची उन्हाची तिरीप लेन्समध्ये शिरते आणि त्याच क्षणी फ्रेमभर वरून खाली पांढरी रेघ उमटते. जुन्या सीसीडी सेन्सरमध्ये, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपमध्ये, जास्तीचा प्रकाश उभ्या रांगेत पसरतो, म्हणून हे होतं. हा दोषच, पण आमची फिल्म आता त्यावरच उभी आहे: ठोका, वळण, रेघ. मोबाईलवर हे मिळालं नसतं.

माणसंही मोकळी राहतात. "लग्नाचं शूटिंग का?" एका काकांनी विचारलं. "नाही काका, तुमच्या कामाचं." "मग काढा की," म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

आवाजाची बाजू लंगडी आहे. ऑटो गेनमुळे, म्हणजे कॅमेरा आवाजाची पातळी आपणहून कमीजास्त करतो त्यामुळे, प्रत्येक ठोक्याला सगळा आवाज दबतो, मग गल्लीतला गलका हळूहळू वर येतो. आमच्या मॉडेलमध्ये ऑटो गेन बंद करता येत नाही. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या, टेपवरचा फक्त सिंकपुरता, म्हणजे चित्राशी आवाज जुळवण्यापुरता, ठेवा.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कसं चढत जातं ते इंटरव्हल रेकॉर्डिंगवर, म्हणजे ठरावीक वेळाने थोडं थोडं टिपत, घ्यायचं होतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच थोडी थोडी टिपली होती, ते डोक्यात होतं. पण आत दमट हवा साचली की कॅमेरा ओलाव्याची सूचना देऊन बंद पडतो. टेप काढून, झाकण उघडं ठेवून तासभर थांबावं लागतं. पाणी तोवर थांबत नाही. सिलिका जेलच्या पुड्या आणि हवाबंद डबा आधीच घेऊन ठेवा.

तासाभराची टेप संगणकावर उतरवायला तासच लागतो, फाईल साधारण १३ जीबी. फायरवायर पोर्ट (अशा कॅमेऱ्याची केबल जोडायची जुनी खाच) असलेला जुना डेस्कटॉप शोधावा लागेल. मला तो तास आवडतो. काढलेलं सगळं सलग बघितलं जातं, आणि कुठला शॉट उगाच लांबवला ते तिथेच कळतं.

घेताना स्वतःची टेप घेऊन जा. दुकानातच रेकॉर्ड करा आणि लगेच चालवून बघा. चित्रात चौकोन फुटत असतील तर हेड (टेप वाचणारा भाग) साफ करणारी कॅसेट फिरवून पुन्हा बघा. तरीही फुटले तर तो कॅमेरा घेऊ नका. आणि कोऱ्या टेप दिसतील तिथे घेऊन ठेवा, दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालल्यात.