अठरा पासपोर्ट माझ्याच कपाटात होते

14,25,600 रुपये, एका सहल एजंटने बुडवलेले. आकडा आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना "बाई, एवढी कसली बोंबाबोंब" असं कुणी म्हणायला नको.

मी कोल्हापुरात 23 वर्षं इतिहास शिकवते. 2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत नववी-दहावीच्या 18 मुलांना इटलीतल्या फ्लॉरेन्सला न्यायचं ठरवलं होतं. पॅरिस सोडून फ्लॉरेन्सच का, असं सगळे विचारतात. आपले कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला तिथेच वारले, जेमतेम विशीतले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला आणि 1874 मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली. आतला अर्धपुतळा शिल्पकार फुलरचा, छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. हो, तोच मँट, आपल्या नव्या राजवाड्याचा. आमची पोरं रोज नव्या राजवाड्यावरून सायकली मारतात. त्याच माणसाचं काम त्यांना परक्या नदीकाठी दाखवायचं होतं. हे सगळं मी त्या एजंटला अगदी भरभरून सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, अंगावर काटा आला." काटा कसला, गिऱ्हाईक पक्कं झालं त्याचं.

मी अगदीच खुळी नाही. दोन वर्षांपूर्वी याच माणसाने आमची हंपीची सहल नेली होती. बस वेळेवर, जेवण चांगलं, हिशोब चोख. पुण्यात ऑफिस, जीएसटी नंबर, शिक्का, सगळं. दर माणशी 1,72,500 रुपये, मुलांमागे दोन शिक्षक फुकट. दर अशक्य स्वस्त असता तर मला वास आला असता. तसा तो नव्हता, तीच तर मेख.

जूनमध्ये पहिला हप्ता, प्रत्येकी 45,000, फर्मच्या खात्यात. ऑगस्टमध्ये दुसरा, "व्हिसा आणि विमान", प्रत्येकी 30,000. हा मात्र त्याच्या भावाच्या बचत खात्यात. का, तर "टीसीएसचे (सहलीच्या पैशांवर आधीच घेतल्या जाणाऱ्या आयकराचे) पाच टक्के वाचतील, पालकांवर कशाला बोजा?" पालकांचे पैसे वाचतायत म्हणून मी उलट त्याचे आभार मानले! परदेश सहलीच्या पॅकेजवरचा टीसीएस पॅनवर जमा होतो, विवरणपत्रात परत मागता येतो. तो टाळायला सांगणारा माणूस पावती टाळत असतो.

सप्टेंबरमध्ये आणखी प्रत्येकी 4,200, उफीझी आणि अकादेमिया या तिथल्या संग्रहालयांच्या तिकिटांचे. इथे मी अडले होते. मुलांसाठी टिपणं काढताना उफीझीच्या साइटवर 18 वर्षांखाली प्रवेश मोफत असं वाचलं होतं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ते फक्त युरोपियन युनियनच्या पोरांना." खरं म्हणजे ती अट 18 ते 25 वयाच्या सवलतीला आहे. त्याखालच्या पोरांना इटलीच्या सरकारी संग्रहालयांत देश न बघता फुकट सोडतात. अर्धं खरं बोलणारा माणूस फार वाईट. शिवाय त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत उफीझी सोमवारी होतं. उफीझी सोमवारी बंद असतं. तेही मी पेन्सिलने गोल करून ठेवलं होतं, नंतर विचारू म्हणून.

पण हेही सोडा. ज्यावरून मी रात्री तीनला उठून बसते ते वेगळंच आहे. शिक्षकखोलीतल्या माझ्या गोदरेजच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, 18 मुलांचे आणि आम्हा दोघांचे पासपोर्ट रबरबँड लावून ठेवले होते. त्याने फक्त झेरॉक्स नेल्या होत्या. आणि त्याचे मेसेज येत होते, "व्हिसा प्रोसेसमध्ये आहे." मी रोज ते कपाट उघडत होते. त्याच कप्प्यातून खडू आणि नकाशे काढत होते. व्हिसा पासपोर्टवर चिकटतो हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, हे मीच पालकसभेत सांगितलं होतं. तो म्हणाला ग्रुप व्हिसाला लागत नाही, आणि मी मान डोलावली. कारण तोवर 13,50,000 गेले होते, आणि विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

एका मुलीचे वडील बँकेत आहेत. 8 ऑक्टोबरला त्यांनी एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकला. बुकिंग सापडेना. त्याआधी मी टाकला होता तेव्हा नावं दिसली होती! ते नुसतं होल्डवर ठेवलेलं बुकिंग होतं, तिकीट काढलंच नव्हतं. सहा अक्षरी पीएनआरवर नाचू नका, 13 आकडी तिकीट नंबर मागा. मी व्हिसा फीचेही प्रत्येकी 9,500 त्याच 30,000 मध्ये दिले होते. अभ्याससहलीला जाणाऱ्या शाळकरी मुलांना आणि सोबतच्या शिक्षकांना शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाची) 90 युरो फी माफ आहे, नियमातच लिहिलंय.

आता पोलिसांचं ऐका. पहिल्या ठाण्यात दोन तास बसवून सांगितलं, "ऑफिस पुण्यात हाय न्हवं, मग तिकडं जावा." झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, हा शब्द काढल्यावर साहेब हसले. मग सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, तुम्ही ओटीपी दिलेला नाही, स्वतःच्या हाताने पैसे पाठवलेत, हे सायबर कसं? परत ठाण्यात. तिथे नवे साहेब, त्यांच्या मते ही दिवाणी बाब. पुण्याला गेले तर तिथले म्हणाले, पैसे कोल्हापुरातून गेले ना? एकाने तर विचारलं, "मॅडम, पोरांना एवढ्या लांब न्यायचंच कशाला? रायगड काय वाईट आहे?" रायगड सात वेळा नेऊन झालाय, साहेब! तुम्ही तक्रार लिहून घ्या. चौथ्या खेपेला, वकिलाचं पत्र बघून, फसवणुकीच्या कलम 318 खाली गुन्हा नोंदवला. या सगळ्यात 26 दिवस गेले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी पहिल्या रात्रीच फोन लावला होता, त्याने भावाच्या खात्यात 38,400 गोठले. तेही परत द्यायला बँकेने कोर्टाचा आदेश मागितला. फसवणूक कळल्याच्या क्षणी आधी 1930 लावा, रडणं नंतर.

शाळेने हात झटकले. सहलीची परवानगी तोंडी होती, पैसे पालकांनी थेट दिलेले, म्हणून सहल शाळेची नव्हतीच म्हणे. पत्रकावर शाळेचं नाव मीच छापलं होतं आणि ते मुख्याध्यापकांच्या टेबलावरून गेलं होतं. पण सही नाही. सही घ्या, कितीही जुनी ओळख असो.

तीन पालकांची ऐपत नव्हती, त्यांनी सोनं गहाण ठेवलं होतं. त्यांचे 2,37,600 मी पतपेढीतून कर्ज काढून दिले. बाकीचे अजून थांबलेत. काही जण मंडईत दिसले की दुसऱ्या गल्लीत वळतात, किंवा मीच वळते.

डिसेंबरात पासपोर्ट परत वाटले. एक आई रिकामी पानं उलटत म्हणाली, "कोराच राहिला की ओ बाई." मी सहीचं रजिस्टर पुढे केलं.

ग्राहक आयोगातही तक्रार टाकली आहे. त्याच्या नावची नोटीस दोनदा "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा मारून परत आली. त्याच्या व्हॉट्सअॅपच्या डीपीवर मात्र अजून फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट आहे. तो फोटो मीच पाठवला होता त्याला.