चोरखिशाची बंडी आणि खिशाचा परकर: जळगावात शिवले, पॅरिस-रोम-बार्सिलोनात वापरले

आपल्याकडून युरोपच्या ग्रुप टूरला जाणारे आता बरेच झालेत, केळीवाले आहेत, रिटायर झालेले मास्तर आहेत, पोरगा तिकडे नोकरीला म्हणून जाणारे आईवडील आहेत, आणि निघायच्या आधी प्रत्येक घरात एकच चर्चा असते की पासपोर्ट आणि पैसे ठेवायचे कुठे. मला याचं सगळ्यात चांगलं उत्तर ऑनलाइन नाही तर जळगावात फुले मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या एका टेलरकाकांकडे मिळालं, म्हणून हा रिव्ह्यू मनापासून लिहितेय. काकांचं नाव इथे टाकत नाही कारण मी विचारलं तर ते नको म्हणाले, एकटेच शिवतात, गर्दी झेपत नाही त्यांना. पण काम असं आहे की कुठलाही बरा टेलर करून देईल, म्हणून काय आणि कसं शिवायचं ते नीट सांगते.

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, अमळनेरकडचे, कपाशीचे पैसे घेऊन मार्केटातून घरी यायचं तर आत बंडी आणि बंडीला आतून खिसा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला गेले तरी तीच बंडी. त्यामुळे टूर ठरल्यावर मी काळजी करत होते तेव्हा ते म्हणाले, "तू कसाले चिंता करस, मना पैसा मना आंगवरच शेतस," म्हणजे माझे पैसे माझ्या अंगावरच असतात. तिथूनच डोक्यात आलं की सगळ्यांनाच असं काहीतरी शिवून घेऊ.

काकांनी आधी पासपोर्टच मागितला. टेपने मापला, साडेबारा सेंटीमीटर बाय पावणेनऊच्या आसपास भरतो, मग त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत मापला, आणि खिसा बोटभर सैल ठेवला. आप्पांच्या बंडीला डाव्या बाजूला काखेच्या खाली आतून खिसा, छातीवर नाही, कारण छातीवर फुगवटा दिसतो आणि वाकलं की टोचतो. माईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, परकराला नाडीच्या चार बोटं खाली कमरेच्या बाजूला खिसा, त्याला प्लास्टिक दातांची चेन, आणि चेनचं तोंड अंगाकडे. वरून साडीचे पदर बसले की हात लावूनही कळत नाही. माझ्यासाठी कुर्तीच्या आतल्या स्लिपला तसाच खिसा. कापड पॉपलिनचं, डबल, कडेला इंटरलॉक, आणि खिशाच्या कोपऱ्यात तिरकी टीप मारलेली म्हणजे वजनाने उसवत नाही. बंडी कापडासकट ४०० ला पडली, परकर ३५० ला, आणि जुन्याच परकराला नुसता खिसा लावायचे ८० घेतले. यात मला कुठेही महाग वाटलं नाही.

आता हे एवढं कशाला, तर तिकडची पाकीटमारी आपल्या भुसावळ स्टेशनवरच्या गर्दीतल्यासारखी नसते, ती जास्त सफाईची असते आणि करणारे टुरिस्टसारखेच दिसतात, चांगले कपडे, पाठीला सॅक, हातात नकाशा. पॅरिसमध्ये लूव्र म्युझियम १० एप्रिल २०१३ ला दिवसभर बंद राहिलं होतं कारण कर्मचारीच पाकीटमारांच्या टोळ्यांना कंटाळून कामावर बसले नाहीत, आणि २२ मे २०१५ ला आयफेल टॉवरच्या लोकांनीही याच कारणावरून काम थांबवलं. म्हणजे तिथल्या लोकांनाही याचा किती ताप आहे बघा. साक्रे कर चर्चच्या पायऱ्यांवर हाताला दोरा बांधणारे येतात, गप्पा मारत मारत बोटाला दोरा गुंडाळतात, एकदा बांधला की पैसे मागतात आणि तुमचा एक हात अडकलेला असतो तेवढ्यात दुसरा माणूस बॅगेशी. मुक्या-बहिऱ्यांसाठी सह्या गोळा करतोय म्हणून पॅड पुढे करणाऱ्या मुली असतात, पॅड तुमच्या पर्सवर धरतात आणि खालून हात जातो. रस्त्यात सोन्याची अंगठी सापडल्याचं नाटक पण चालतं. रोमला टर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस यासाठीच बदनाम आहे. या सगळ्यात पद्धत एकच, एकजण लक्ष वेधतो आणि दुसरा काढतो आणि माल लगेच तिसऱ्याच्या हातात, म्हणून पकडला तरी त्याच्याकडे काही सापडत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये भुसावळच्या एक काकू होत्या, अगदी हुशार बाई, शाळेत मुख्याध्यापिका होत्या. रोमच्या मेट्रोत डब्यात चढताना पुढची मुलगी दारातच थांबली, जणू तिला उतरायचंय का चढायचंय कळेना, मागून दोघी ढकलायला लागल्या, दार बंद व्हायची घंटी वाजली आणि तिघी टुणकन बाहेर. दार बंद झालं, गाडी निघाली, मग काकूंनी बघितलं तर पर्सची चेन उघडी. पासपोर्ट, कार्ड, पैसे सगळं एकाच पाकिटात होतं. पोलीस रिपोर्ट, मग भारतीय वकिलातीत इमर्जन्सी सर्टिफिकेट, आणि ते फक्त भारतात परत यायलाच चालतं, पासपोर्टसोबत शेंगेन व्हिसाही, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, गेलेला, म्हणून त्यांची पुढची टूर तिथेच संपली. रडत होत्या बिचाऱ्या, पैशासाठी नाही, बार्सिलोनात पोरगी भेटणार होती त्यांना.

बार्सिलोनात ला रांबला नावाचा मोठा रस्ता आहे, सगळे टुरिस्ट तिथेच फिरतात. तिथे आप्पांच्या शर्टावर पाठीमागून काहीतरी पिवळं पातळ उडालं, चटणीसारखं, आणि लगेच एक माणूस टिश्यू पेपर घेऊन हजर, सॉरी सॉरी म्हणत पुसायला लागला, वर झाडाकडे बोट दाखवून पक्ष्याने केलं म्हणे. एक हात पाठीवर चोळतोय आणि दुसरा शर्टाच्या खिशात. आप्पांनी त्याचं मनगट धरलं तर तो हसला आणि निघून गेला. वरच्या खिशात वीस युरोची एक नोट होती ती गेली. बंडीतले पैसे, पासपोर्ट, कार्ड सगळं जागच्या जागी, त्याला पत्ताच नाही की काखेखाली खिसा आहे. स्पेनमध्ये ४०० युरोच्या आतली चोरी किरकोळ गुन्हा धरतात आणि त्याची शिक्षा मुख्यतः दंडाची, त्यामुळे त्याच गल्लीत तेच चेहरे परत दिसले तर नवल नाही.

पण हा खिसा उपयोगी कधी, तर तो दिवसभर उघडायचाच नाही असं ठरवलं तर. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लोक काय करतात, चोरखिसा शिवतात आणि आईस्क्रीम घ्यायला भर रस्त्यात शर्ट वर करून त्यातून पैसे काढतात, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांना दाखवलं की माल कुठे आहे. तिकिटाच्या मशीनसमोर तर अजिबात नाही, तिथे मदत करायला म्हणून येणारे असतात. आम्ही रोज सकाळी हॉटेलच्या रूममध्येच त्या दिवसाचे तीस-चाळीस युरो वरच्या खिशात काढायचो, एक कार्ड वर, दुसरं कार्ड आत. माईंचा खिसा तर बाथरूममध्ये गेल्याशिवाय उघडताच येत नाही, सुरुवातीला त्यांना तो त्रास वाटला, नंतर त्याच म्हणाल्या की बरंय. फक्त तिकडे स्टेशनवरच्या टॉयलेटलाही एक युरोच्या आसपास मोजावे लागतात, म्हणून सुट्टी नाणी वरच ठेवा.

ऑनलाइन मिळतात त्या गळ्यातल्या पाउचशी तुलना करते, कारण नवऱ्याने तोच घेतला होता. त्याची दोरी मानेवर दिसते, टीशर्टातून चौकोन दिसतो, घामाने चिकटतो, आणि वर आरएफआयडी ब्लॉकिंगचे, म्हणजे कार्डाची माहिती कोणी मशीनने न टेकता चोरू नये म्हणून लावलेल्या अस्तराचे, जास्तीचे पैसे. मला ते फुकट वाटलं. कार्डाची चिप काही सेंटीमीटरवरूनच बोलते आणि टॅप केल्यावर प्रत्येक व्यवहाराचा कोड वेगळा असतो, आणि तिथले खरे चोर मशीन घेऊन नाही तर बोटं घेऊन फिरतात. त्यापेक्षा बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहारांची लिमिट कमी करून ठेवा, ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ही सोय प्रत्येक कार्डाला आहे, लागेल तेव्हा चालू, नाहीतर बंद.

आता तक्रारी. पहिली, घाम. रोममध्ये आम्ही उन्हाळ्यात होतो, जळगावच्या मे महिन्याएवढं नसलं तरी दिवसभर चालणं असतं, नोटा ओल्या झाल्या. पासपोर्ट झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालाच. दुसरी, एअरपोर्टवर हे चालत नाही, सिक्युरिटीला सगळं काढून ट्रेमध्ये ठेवावं लागतं आणि बॉडी स्कॅनरमध्ये फुगवटा दिसला की बाजूला घेऊन तपासतात, माईंना फार अवघडल्यासारखं झालं. प्रवासाच्या दिवशी पासपोर्ट पुढच्या छोट्या बॅगेतच ठेवा, हात वर ठेवून. तिसरी, काकांनी पहिल्या बंडीला चेनऐवजी टिचबटणं लावली होती, ती वाकलं की उघडतात, मी परत पाठवून चेन लावून घेतली, त्याचे जास्त पैसे घेतले नाहीत हे त्यांचं चांगलं. आणि एकच बंडी रोज घालवत नाही, निदान दोन शिवा, रात्री धुतली तर सकाळपर्यंत वाळते.

मोबाइल मात्र यात बसत नाही आणि बसवूही नका, तो सारखा काढावा लागतो. त्याला मनगटात अडकवायची दोरी लावली होती. लंडनमध्ये तर इलेक्ट्रिक सायकलवरून येऊन हातातला फोन ओढून नेतात, त्यामुळे फूटपाथच्या कडेला उभं राहून मॅप बघायचा नाही, दुकानात शिरून बघायचा. हॉटेलात टेबलावर फोन ठेवायचा नाही, कोणीतरी कागद ठेवतो आणि कागदासकट उचलतो. फोन गेला की आपलं भारतातलं सिमही गेलं आणि ओटीपीही गेले, म्हणून घरच्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर बँकेचा हेल्पलाइन नंबर आणि पासपोर्टचा फोटो असू द्या. युरोपियन युनियनमध्ये कुठेही इमर्जन्सीला ११२ चालतो.

आणखी एक, व्हिसासाठी जो ३०,००० युरोचा इन्शुरन्स सक्तीचा असतो तो दवाखान्याचा असतो, पाकीट गेलं तर त्यातून काही मिळेलच असं धरू नका, पॉलिसीत सामान आणि पासपोर्टचं कव्हर वेगळं लिहिलंय का ते एजंटला विचारा. आमच्या एजंटने विचारल्याशिवाय सांगितलं नव्हतं.

शिवायचं असेल तर लगीनसराईच्या आधी द्या, तेव्हा कुठलाच टेलर छोटं काम हातात घेत नाही. टेलरला फक्त माप सांगू नका, पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीसकट घेऊन जा, आणि आईला किंवा सासूबाईंना सोबत न्या, खिसा कुठे नको ते त्यांना जास्त कळतं. माझ्याकडून काकांना पाचपैकी साडेचार, अर्धा त्या टिचबटणांचा कमी केला.