मुंबईत डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही: वर्षभराहून जास्त वापरल्यानंतरचा अनुभव

मुंबईत मिड-साइज एसयूव्ही घ्यायची असेल तर शोरूमला जायच्या आधी मेजरिंग टेप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. स्टॅक पार्किंगच्या (एकावर एक गाड्या चढवायच्या) बऱ्याच पॅलेट्स सेडानच्या हिशोबाने बनवलेल्या असतात, उंची साधारण १.५५ मीटर, आणि या सेगमेंटच्या गाड्या रूफ रेल धरून १.६ च्या वर जातात. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये वरची पॅलेट मिळालेल्यांना एसयूव्ही लावताच येत नाही, खालची ज्यांच्याकडे आहे त्यांचंच जमतं. लांबी ४.३ मीटरच्या आसपास म्हणजे मागचा बंपर खांबाला लागतोय का तेही बघावं लागतं. सेल्समन हे कधीच विचारत नाही, तो सनरूफ उघडून दाखवतो.

मॉडेलचं नाव लिहिलं की सगळं बोलणं कंपनीवरच जातं म्हणून लिहीत नाही. दीड लिटर डिझेल, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, एवढं पुरे.

घ्यायचं मुख्य कारण आई. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, आधीच्या हॅचबॅकमध्ये बसायला तिला अक्षरशः खाली उतरावं लागायचं आणि बाहेर येताना कोणीतरी हात धरायला लागायचा. या गाडीत सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते, आधी टेकायचं मग पाय आत घ्यायचे, बस. टेस्ट ड्राइव्हला आम्ही तिलाच घेऊन गेलो होतो आणि तिने स्वतः दार उघडून बसून दाखवलं तेव्हाच आमचं नक्की झालं. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी मोठी स्क्रीन, कनेक्टेड फीचर्स वगैरे नंतर बघा, आधी त्यांना मागच्या सीटवर चढू-उतरू द्या. खूप उंच गाडीत उलटा त्रास होतो, साइड स्टेप लागते, हा मधला साइज त्याच्यासाठी अगदी बरोबर आहे.

आता डिझेलचं, कारण सगळ्यात जास्त हेच विचारतात. बीएस-६ (प्रदूषणाच्या सध्याच्या नियमांतल्या) डिझेलमध्ये सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, आणि तो भरला की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल टाकून एक्झॉस्ट ६०० डिग्रीच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. पण हे व्हायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या स्पीडने पळावी लागते. मुलुंड ते अंधेरी जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) जाणाऱ्याला माहितीये तिथे सलग काय पळतं ते! पवईच्या सिग्नलला आयडलिंग अचानक वाढलेलं दिसलं, ऑफिसला पोचून गाडी बंद केल्यावरही फॅन जोरात फिरत राहिला, तर समजायचं सफाई चालू होती आणि आपण मधेच तोडली. असं वारंवार झालं की जळायला टाकलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसते. म्हणून मी ऑइल कमी झालंय का एवढंच बघत नाही, वाढलंय का तेही बघतो. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या लो-अ‍ॅश ग्रेडचंच टाकायचं, बाहेरच्या गॅरेजला कॅनवरचा ग्रेड वाचून घ्या, कारण डीपीएफ बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

माझा उपाय साधा आहे. रविवारी पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने चेंबूर, तिथून फ्रीवेने सीएसएमटीपर्यंत आणि परत, स्पीड लिमिट सांभाळून सलग एका लयीत. बायको आणि मुलगी पण येतात, ती मरीन ड्राइव्हची आमची चक्कर होते. गावी संगमेश्वरला जाणं-येणं असतंच त्यामुळे आमचं डिझेल वसूल होतं. पण ज्यांचं रनिंग घर, शाळा आणि भाजी मार्केट एवढंच आहे त्यांनी डिझेल घेऊच नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय, पेट्रोल किंवा हायब्रिड बघा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या गाडीला रोड टॅक्स पेट्रोलला १२ टक्के आणि डिझेलला १४, म्हणजे तिथेही आधीच जास्त गेलेले असतात. आणि अ‍ॅडब्लूवाली गाडी असेल (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) तर ती अ‍ॅडब्लूची टाकी कधीच पूर्ण रिकामी होऊ देऊ नका, ती संपली की एकदा बंद केलेली गाडी परत चालू होत नाही.

अ‍ॅव्हरेज शहरात एसी लावून ११-१२, कोकणात जाताना १७-१८ मिळतं, माणगावच्या ट्रॅफिकमध्ये किती अडकतो त्यावर आहे. कशेडीचा बोगदा झाल्यापासून आईला घाटातली मळमळ होत नाही हे मला अ‍ॅव्हरेजपेक्षा मोठं वाटतं.

पावसाळा. ग्राउंड क्लिअरन्स जास्त म्हणून पाण्यात घालायची हिंमत येते, करू नका. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेला पाणी भरलं की किती खोल आहे ते वरून कळत नाही आणि एअर इनटेकमधून पाणी आत गेलं की इंजिन लॉक होतं. बंद पडली तर परत सेल मारायचा नाही, ढकलून बाजूला घ्यायची आणि टो करायची. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, झिरो डेप (क्लेममध्ये पार्ट्सचा घसारा न कापणारं कव्हर) घेतलं म्हणजे तेही आलं असं बऱ्याच जणांना वाटतं पण ती दोन वेगळी कव्हर आहेत. सनरूफ असेल तर मे महिन्यातच त्याच्या कडेची पाणी जायची भोकं साफ करून घ्या, झाडाखाली गाडी लावणाऱ्यांची ती पाल्याने तुंबतात आणि पाणी छताच्या कापडातून आत येतं.

उंदरांचा बंदोबस्त मात्र रोजचा. वायरिंग कुरतडलं की बिल मोठं येतं. आमच्याकडे वॉचमनकाकांना सांगून पार्किंगमधला कचऱ्याचा डबा हलवला, गाडीत खाऊचं पाकीट ठेवत नाही, बोनेटखाली जाळी लावली आणि चार-पाच दिवस गाडी हलणार नसेल तर मधे एकदा बोनेट उघडून बघतोच. फवारे मारून बघितले, पावसाळ्यात टिकत नाहीत.

सर्व्हिसला जाताना मॅन्युअलमधलं शेड्युलचं पान फोटो काढून नेतो. इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग हे सगळं जॉब कार्डवर आपोआप चढतं, पान दाखवलं की अ‍ॅडव्हायझर निमूट काढतो. एसीचा वास येत असेल तर पोचायच्या पाच मिनिटं आधी कूलिंग बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, आतला ओलावा सुकतो. खड्ड्यांमुळे अलाइनमेंट मात्र मी कंपनीने सांगितलंय त्याच्या आधीच करून घेतो, कारण मागच्या पावसाळ्यानंतर स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं होतं आणि टायरची कड घासायला सुरुवात झाली होती.

टोलचं शेवटी. मुंबईच्या पाचही एंट्री नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल नाही, मुलुंडकरांना त्याचा रोज फायदा. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास मात्र फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेवर चालतो, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि अटल सेतू त्यात येत नाहीत, तिथे फास्टॅगमधून नेहमीसारखे पैसे कापले जातात, म्हणून पास घेतला तरी बॅलन्स ठेवा.