हीथ्रोहून मुंबई: टर्मिनल ३ की टर्मिनल ५?

लंडनहून बिझनेस क्लासने मुंबईला यायचं, तर व्हर्जिन अटलांटिक टर्मिनल ३ वरून, ब्रिटिश एअरवेज टर्मिनल ५ वरून. विमानात बसण्याआधीचे दोन तास मात्र अगदी वेगळे.

व्हर्जिनचा अप्पर क्लास (त्यांचा बिझनेस क्लास) विंग म्हणजे थाट! टॅक्सी थेट वेगळ्या दारापाशी थांबते. बॅगा तिथेच द्यायच्या, बोर्डिंग पास घ्यायचा, खासगी सुरक्षा तपासणीतून पुढे निघायचं आणि क्लबहाऊस, म्हणजे व्हर्जिनचं लाउंज, गाठायचं. जेवण टेबलावर आणून देतात. हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायला नको. फक्त ही सगळी गंमत गाडीने येणाऱ्याची. एलिझाबेथ लाईनच्या ट्रेनने, हातात दोन बॅगा ओढत आलात, तर अर्धी मजा गेली.

टर्मिनल ५ वर २०१७ मध्ये ब्रिटिश एअरवेजने फर्स्ट विंग नावाचं वेगळं चेक-इन सुरू केलं, पण ते फर्स्ट क्लास आणि गोल्ड कार्डवाल्यांसाठी (हे कार्ड त्यांच्या नेहमीच्या प्रवाशांना मिळतं). बिझनेसच्या तिकिटावर तिथे प्रवेश नाही, हे अनेकांना काउंटरवरच कळतं. मग नेहमीचं क्लब (म्हणजे बिझनेस क्लासचं) चेक-इन आणि गॅलरीज क्लब लाउंज. खाणं-पिणं भरपूर, निवांतपणा बेताचाच. गेट बी किंवा सी इमारतीत असेल, तर बी इमारतीतलं लाउंज बघा; पण भुयारी गाडीने एकदा तिकडे गेलात, की मुख्य इमारतीतल्या दुकानांत परतणं कटकटीचं. चॉकलेटं आधीच घ्या.

दर सारखे असतील, तर मी व्हर्जिन घेईन. जवळ गोल्ड कार्ड असेल, तर गोष्ट वेगळी.