सानुकी उदोन: कागावात खायचा तर कुठे, कसा आणि किती वाजता

जपानला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक पर्यटकांची वाट तोक्यो, क्योतो, ओसाका अशी ठरलेली असते. उदोन तिथेही मिळतो, पण तेवढ्यावरून उदोनबद्दल मत बनवणं हा त्या पदार्थावर अन्याय आहे. गव्हाच्या या जाड, पांढऱ्या नूडल्स खायच्या तर शिकोकु बेटावरच्या कागावा प्रांतात जावं. हा जपानमधला आकाराने सगळ्यात लहान प्रांत. जुनं नाव सानुकी. उदोनची दुकानं इथे शेकड्यांनी आहेत. ओकायामाला शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सोडून मरीन लायनर गाडी पकडली की १९८८ साली सुरू झालेल्या सेतो ओहाशी पुलावरून समुद्र ओलांडून साधारण तासाभरात कागावाची राजधानी ताकामात्सु येतं. ओसाकाहून एका दिवसात जाऊन येणं जमतं, तरी आदल्या रात्री ताकामात्सुत मुक्काम केलेला बरा. कारण इथे कुठलं दुकान गाठलंत यापेक्षा किती वाजता गाठलंत याला जास्त महत्त्व आहे.

चांगल्या सानुकी उदोनची ओळख म्हणजे त्याची ‘कोशी’. वरून नूडल मऊ आणि गुळगुळीत लागते, चावताना आत दात किंचित अडतो आणि नूडल उसळी मारते. हा कडकपणा नव्हे. कच्चट राहिलेली नूडलही कडक असते, पण तिला कोशी आहे असं कुणी म्हणणार नाही. काहिलीतून नुकत्याच काढलेल्या उदोनच्या बाहेरच्या थरात पाणी भरपूर असतं आणि गाभ्यात कमी. ती उसळी या फरकातून येते. वेळ जाईल तसं पाणी आत मुरतं, थर सारखे होतात आणि अर्ध्या तासात तीच नूडल लिबलिबीत होते. त्यामुळे नावाजलेल्या दुकानातही अवेळी गेलात तर अगदी सामान्य वाटी हाती येते, आणि गल्लीतल्या साध्या दुकानात ताजा घाणा निघत असताना पोचलात तर तीच वाटी लक्षात राहते.

म्हणून गर्दीची वेळ टाळण्याची आपली नेहमीची सवय इथे बाजूला ठेवा. दुपारी साडेअकरा ते साडेबारा रांग मोठी असते, पण याच तासात काहील सारखी चालू असते आणि शिजवलेला उदोन पडून राहत नाही. रांगही भराभर सरकते, कारण लोक दहा मिनिटांत खाऊन उठतात. दुसरी चांगली वेळ म्हणजे दुकान उघडल्यानंतरची पहिली काही मिनिटं. दीडनंतर फारशी आशा ठेवू नका. बरीच दुकानं त्या दिवसाचा उदोन संपला की पाटी फिरवतात, मग बंद होण्याची छापील वेळ काहीही असो.

हा पदार्थ इथेच का रुजला, त्याचं उत्तर जमिनीत आणि समुद्रात आहे. कागावात पाऊस कमी, म्हणून भाताच्या कापणीनंतर गहू घेण्याची जुनी रीत. साकाइदेच्या किनाऱ्यावर मिठागरं होती, शोदोशिमा बेटावर सोया सॉस मुरवला जातो आणि इबुकी बेटावर ‘इरिको’ तयार होतो. इरिको म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातले छोटे मासे, उकळून वाळवलेले. इथल्या दाशीला, म्हणजे रश्शाला, याच माशांची चव असते. आज पीठ बहुतांश ऑस्ट्रेलियन गव्हाचं असतं, त्यात कमीपणा काही नाही. उदोनला लागतो तसा पांढरा, मऊ गहू तिथे पिकतो. ‘सानुकी नो युमे’ हे कागावाने विकसित केलेलं स्थानिक वाण. त्याला गव्हाचा वास जास्त येतो, पण मळायला आणि लाटायला ते अवघड. एखाद्या दुकानाबाहेर त्याची पाटी दिसली तर तिथली वाटी नुसत्या सोया सॉसबरोबर खाऊन पाहावी.

पीठ मिठाच्या पाण्यात मळतात. जुना ठोकताळा असा: उन्हाळ्यात एक भाग मिठाला तीन भाग पाणी, थंडीत एक भागाला सहा. उष्णतेने पीठ सैल पडतं आणि मीठ त्याला आवळून धरतं, म्हणून हा फरक. मग कापडात किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ते पायांनी तुडवतात आणि झाकून ठेवतात. पाकिटावर ‘मेइसान’, म्हणजे खास त्या जागेचा, असं लिहायचं तर उदोन कागावात, हाताने किंवा हाताच्या पद्धतीने केलेला लागतो. पिठाच्या वजनाच्या निदान ४० टक्के पाणी, निदान ३ टक्के मीठ आणि किमान दोन तास मुरवण असावी लागते. शिजायला साधारण १५ मिनिटं लागावीत, असंही त्या नियमात आहे.

आता काउंटर. बहुतेक चांगली दुकानं सेल्फ सर्व्हिस पद्धतीची आहेत आणि पहिल्यांदा जाणारा इथेच गोंधळतो. ट्रे उचला, रांगेत पुढे सरका आणि उदोनचा प्रकार व आकार सांगा. लहान म्हणजे ‘श्यो’, त्यात एक ‘तामा’, म्हणजे शिजलेल्या उदोनचा साधारण २०० ते २५० ग्रॅमचा एक गुंडा. मधला ‘च्यू’ आणि मोठा ‘दाइ’ यांची मापं दुकानागणिक बदलतात. काही ठिकाणी मधला म्हणजे दीड तामा, काही ठिकाणी पूर्ण दोन. दिवसात तीन दुकानं करायची असतील तर भूक कितीही असली तरी लहानच घ्या.

काही ठिकाणी वाटीत थंड उदोन घालून तुमच्या हातात देतात आणि गरम करायचं काम तुमचं. लांब दांड्याच्या जाळीत उदोन टाका, उकळत्या पाण्यात दहा ते वीस सेकंद हलवा आणि बाहेर काढून जाळी दोन-तीनदा जोरात झटका. सगळ्यात जास्त चूक इथे होते: पाणी नीट निथळत नाही, मग दाशी पातळ होते आणि दोष मात्र दुकानाला दिला जातो. जास्त वेळ बुडवून ठेवलं तर कोशी तिथेच जाते. पुढे तेम्पुराची, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या-माशांची, ताटं येतात. हवं ते चिमट्याने उचला, पैसे द्या, मग टाकीच्या नळातून दाशी घ्या. गरम आणि थंड दाशीचे नळ वेगळे असू शकतात, आधी बघून घ्या. चिरलेली पात, किसलेलं आलं आणि ‘तेनकासू’, म्हणजे तेम्पुराचा कुरकुरीत चुरा, बहुधा फुकट असतो. आलं चिमूटभरच, नाहीतर दाशी दबते. खाऊन झालं की वाटी स्वतः परत ठेवायची. रोख येन जवळ ठेवा, छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही. साधी लहान वाटी अजूनही ३०० ते ४०० येनच्या आसपास मिळते. तेम्पुराच्या एकेका नगाने बिल वाढतं, तरी एवढ्या पैशांत इतक्या कसबाचं जेवण जपानमध्ये दुसरं क्वचितच मिळेल.

काय मागायचं? सुरुवात ‘काके’ने करा: उदोन आणि दाशी, बस्स. थंड पाण्यात धुतलेल्या उदोनवर गरम दाशी हवी असेल तर ‘हियाआत्सु’ म्हणा. नूडल घट्ट राहते, दाशी कोमट होते आणि दोन्हींची चव स्वतंत्र कळते. दुकान जोखायला याहून चांगली वाटी नाही. ‘बुक्काके’मध्ये दाट, खारट दाशी थोडीच वरून ओततात, उन्हाळ्यात थंड बुक्काके लिंबाबरोबर सुरेख लागतो. ‘शोयू’ प्रकारात धुतलेल्या उदोनवर फक्त सोया सॉस. एक बारीक फेरा घाला, चाखा, मगच आणखी. दुसरा फेरा घाईने घातला की गव्हाची चव संपलीच.

‘कामाआगे’ काहिलीतून थेट, न धुता, त्याच गरम पाण्यासकट येतो आणि वेगळ्या वाटीतल्या दाशीत बुडवून खायचा असतो. त्यात कोशी कमी असते आणि ती तशीच असायला हवी. धुतलेल्या उदोनवरचा स्टार्च निघून जातो, इथे तो राहतो, म्हणून नूडल मऊ, चिकटसर आणि गव्हाच्या वासाने भरलेली लागते. मागणी आल्यावर शिजवणाऱ्या दुकानात १० ते १५ मिनिटं थांबायची तयारी ठेवा. याच गरम, न धुतलेल्या उदोनात कच्चं अंडं आणि सोया सॉस मिसळला की ‘कामातामा’. वाटी हातात येताच तळापासून भराभर ढवळा. फोटो काढत बसलात तर उदोन निवतो, अंडं दाटत नाही आणि खाली पिवळं पाणी उरतं. कच्च्या अंड्याची धास्ती नको, जपानमध्ये अंड्यावरची तारीख ते कच्चं खाण्याच्या हिशोबानेच घातलेली असते. थंडीत गेलात तर ‘शिप्पोकु’ शोधा. मुळा, गाजर, अळकुड्यांसारखे कंद दाशीत शिजवून उदोनवर घालतात.

कामातामाचं मूळ ठिकाण म्हणून आयागावाचं यामागोए प्रसिद्ध आहे आणि ती ख्याती रास्त आहे. अंडं आणि उदोन यांचा मेळ तिथे अचूक बसतो. मात्र तिथे गाडी घेऊन जाणंच सोयीचं. काकेसाठी साकाइदेचं गामोउ. भातशेतीच्या कडेला बाकावर बसून गोडसर तळलेल्या तोफूची मोठी पट्टी घातलेला उदोन खायचा, तोही सकाळीच. कामाआगेसाठी झेंत्सुजीचं नागाता इन कानोका. तिथे दाशी मोठ्या, तापलेल्या सुरईतून येते, तेव्हा तिची मान कापडाने धरा आणि हळू ओता. साकाइदेचं हिनोदे सेइमेन्जो हा मुळात नूडल्सचा कारखाना. तो खाणाऱ्यांसाठी दुपारी जेमतेम तासभर उघडतो आणि पात कात्रीने आपली आपण कापून घ्यायची असते. वेळ जुळली तर सोडू नका, पण सगळा दिवस त्याच्याभोवती बांधू नका.

ज्यांना गाडी चालवायची नाही त्यांना ताकामात्सु शहरात पुरेसं आहे. उदोन बाका इचिदाई पहाटे सहाला उघडतं. तिथल्या कामा बटर उदोनात लोणी, काळी मिरी आणि कच्चं अंडं असतं. चव छान, पण लोणी गव्हाला झाकून टाकतं, म्हणून दिवसाची पहिली वाटी ही नको. दुपारी चिकुसेईला जावं, अर्धवट उकडलेल्या अंड्याच्या आणि चिकुवाच्या तेम्पुरासाठी. चिकुवा म्हणजे माशाच्या लगद्याची पोकळ नळी. तेम्पुरा दाशीत आधीच बुडवू नका. अर्धा कुरकुरीत खा, उरलेला भिजवा. गावाकडच्या दुकानांसाठी कोतोसान कंपनीची उदोन बस ताकामात्सु स्टेशनहून निघते. स्वतः गाडी घ्यायची तर आपल्या आरटीओचा इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट सोबत हवा. सुट्टीचे वार दुकानागणिक वेगळे, ते आदल्या दिवशी तपासा.

शाकाहारी वाचकांना स्पष्ट सांगायला हवं: दाशीत मासे असतात, ती बाजूला काढून उपयोग नाही, कारण तोच रस्सा आहे. काके, बुक्काके आणि कामाआगेची बुडवायची दाशी तिन्ही बाद. चालण्यासारखा प्रकार म्हणजे धुतलेला उदोन आणि ‘किजोयू’, म्हणजे निव्वळ सोया सॉस. टेबलावरच्या बाटलीत ‘दाशीजोयू’ असेल तर त्यातही मासे आलेच, म्हणून विचारून घ्या. भाज्यांचा तेम्पुरा मासे तळतात त्याच तेलात तळलेला असतो आणि पिठात अंडं असू शकतं. काउंटरवरचा ओदेन, म्हणजे रश्शात मंद शिजवलेले तुकडे, निरुपद्रवी दिसतो, मुळा आणि कोन्याकू (कंदाची जेलीसारखी वडी) दिसतात, पण त्याच पातेल्यात बऱ्याचदा गोमांसाचे तुकडे शिजत असतात. गोमांस न खाणाऱ्यांनी ‘निकु उदोन’, म्हणजे मांस घातलेला उदोनही टाळावा, जपानच्या या पश्चिम भागात नुसतं ‘निकु’ म्हटलं की साधारणपणे गोमांसच येतं. कोंबडी हवी तर ‘काशिवा’ म्हणा.

कागावाला जाणं जमणारच नसेल तर मारुगामे सेइमेन या साखळीत जा. मारुगामे हे कागावातलं शहर असलं तरी या साखळीचं पहिलं दुकान २००० साली ह्योगो प्रांतातल्या काकोगावाला निघालं. नूडल्स दुकानातच करतात, मेन्यूवर फोटो असतात आणि ट्रे, तेम्पुरा, गल्ला हा क्रम शिकायला ती जागा उत्तम आहे. तिथेही जेवणाच्या ऐन गर्दीत जा, वर सांगितलेलं कारण तिथेही तेवढंच लागू आहे.

घरी आणायचा तर ताकामात्सु स्टेशनवर मिळणारा ‘हाननामा’, म्हणजे अर्धवट सुकवलेला उदोन घ्या. पूर्ण वाळवलेल्यापेक्षा त्यात उसळी जास्त राहते. १०० ग्रॅमला निदान एक लिटर खळखळतं पाणी हवं. पाणी कमी पडलं की स्टार्चने दाटतं, ऊतू जातं आणि नूडल्स एकमेकींना चिकटतात. पाण्यात मीठ घालू नका, पिठात ते भरपूर असतं आणि शिजताना बरंचसं बाहेर पडतं. त्यामुळे ते पाणी रश्शाला वापरायचंही नाही. पाकिटावरची वेळ संपायच्या मिनिटभर आधी एक नूडल गार पाण्यात बुडवून चावून बघा. मग निथळून गार पाण्याखाली दोन्ही हातांनी चोळून धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. सोबतच्या रश्शाच्या पुडीत मासे असतात, ते चालत नसेल तर नुसता उदोन विकणारं पाकीट मागा.