मनपा शाळेत दोन मुलं : जून ते मार्च, काय मिळालं, काय अडकलं

थोरली आठवीत, धाकटा तिसरीत. दोघं आधी खासगी इंग्रजी शाळेत होती. कारखान्यात काम कमी झालं, फी थकली आणि गेल्या जूनमध्ये दोघांना सोलापुरातल्या अशोक चौकाच्या पलीकडच्या एका महापालिकेच्या शाळेत घातलं. शेजारपाजारचे अजून विचारतात, "तिथं शिकवतात का बे काही?" त्यांच्यासाठी हे लिहितोय. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही.

आधीच्या शाळेनं फी भरल्याशिवाय दाखला द्यायला नकार दिला. नव्या शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी दाखल्याविना मुलांना वर्गात बसवलं. यात त्यांचे उपकार वगैरे नाहीत, हे त्याच सांगतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. ज्यांची मुलं अशी लटकलीत त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

घरी आमची तेलुगू. आपल्याकडे मनपाच्या मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सगळ्या शाळा आहेत. आम्ही मराठी घेतली, कारण पुढं उपयोग तिचाच. थोरलीला इतिहास मराठीतून वाचायला दिवाळीपर्यंत जड गेलं. गणित-विज्ञान सेमी इंग्रजीत असल्यानं तिथं अडलं नाही. शिकवणं शिक्षकावर आहे, खासगीतही तसंच होतं. धाकट्याच्या बाई फार चांगल्या, थोरलीचे एक सर सतत कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणाच्या ड्युटीवर.

आता सोयींचं. माझा अनुभव असा की जी गोष्ट थेट शाळेच्या दारात येते ती मिळते. जी आधार, बँक आणि पोर्टल फिरून येते ती लटकते. बालभारतीची पुस्तकं पहिल्याच आठवड्यात हातात पडली. खिचडी टेम्पोतून येते, कधी गरम, कधी कोमट, पण रोज येते. नियमानं पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य. धाकटा आवडीनं खातो, थोरली डबा नेते, आठवीतल्या पोरींना ताट घेऊन रांगेत बसायची लाज वाटते म्हणे.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो आरोग्य तपासणीचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यात डॉक्टर असतात. त्यांनी धाकट्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि चिठ्ठी देऊन सिव्हिलला पाठवलं. उजव्या डोळ्याचा नंबर चांगलाच निघाला. चष्मा फुकट मिळाला. खासगी शाळेत दोन वर्षं फी भरली, तिथं पोरगा फळ्यावरचं उतरवत नाही म्हणून फक्त तक्रार यायची.

आता लटकलेलं. बायको विड्या वळते, तिचं विडी कामगाराचं ओळखपत्र आहे. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती असते: पहिली ते चौथी वर्षाला 1,000 रुपये, पाचवी ते आठवी 1,500. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांत विड्या वळल्या जातात, पण अर्ज भरणारी घरं मोजकीच. का, ते अर्ज भरताना कळलं. ओळखपत्रावर बायकोचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं. पोराच्या आधारवर आडनाव आधी, शाळेच्या रजिस्टरला शेवटी. आधार केंद्र, बँक, नेट कॅफे, परत शाळा. अर्ज भरला तरी शाळेनं तो तपासून पुढं पाठवावा लागतो, आणि ते काम करणारा माणूस एकच. पैसे अजून आलेले नाहीत. त्यात बायको एक सकाळ बँकेत गेली की त्या दिवशी हजार विड्या पुऱ्या होत नाहीत, म्हणजे मजुरी गेलीच. ज्यांना भरायचाय त्यांनी मे महिन्यातच सगळीकडं नाव एकसारखं करून घ्यावं आणि खातं आधारला जोडावं.

गणवेशाचं काय सांगू, मी स्वतः गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर. सोलापूरचे गणवेश परराज्यांत जातात. 2024-25 मध्ये राज्यभर एकाच ठिकाणाहून कापड घेऊन बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरलं आणि कित्येक पोरांना निम्मं वर्ष जुन्याच कपड्यात काढावं लागलं. आता खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं आलीय. आम्हाला दोन जोड मिळाले. शिलाई बरी आहे, पण पँटच्या खाली दाब इतका कमी ठेवलाय की पुढच्या वर्षी उसवून लांब करता येणार नाही. समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, तेव्हा पुढच्या बैठकीत हे बोलणार आहे.

पाणी हा खरा कच्चा दुवा. शहरातच चार-पाच दिवसांआड पाणी, मग शाळेची टाकी कुठून भरणार? पोरींच्या स्वच्छतागृहाला कुलूप दिसलं की समजायचं टाकी रिकामी. थोरली त्या दिवशी पाणीच पीत नाही. शाळेला पाचपैकी गुण द्यायचे म्हटलं तर दीड गुण मी इथं कापतो.

थोरलीनं डिसेंबरमध्ये एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा दिली. ही परीक्षा सरकारी, मनपा-झेडपीच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठीच असते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000. तिच्या गणिताच्या बाईंनी शाळा सुटल्यावर थांबून तयारी करून घेतली, क्लासचा खर्च शून्य. ही शाळा आठवीपर्यंतच आहे. शिष्यवृत्ती टिकवायची तर नववीला विनाअनुदानित शाळा चालत नाही, म्हणून साखर पेठ आणि आसपासच्या अनुदानित शाळा बघतोय. सेमी इंग्रजी आणि पोरींसाठी पाण्याची सोय असलेली कुठली माहीत असेल तर सांगा.